किल्ल्याला कुंपण आहे, कुळागराला कोण?

माझा पुतण्या बंगळूरला नोकरी करतो. गेल्या दिवाळीला घरी आला तो पोर्तुगालच्या गोष्टी घेऊनच. कंपनीच्या कामासाठी लिस्बनला गेला होता. सुट्टीचे दोन दिवस मिळाले तसे पठ्ठ्याने मोटारसायकल भाड्याने घेतली आणि सिंत्राचा डोंगर पालथा घातला. मूरांचा जुना किल्ला, पेनाचा राजवाडा, मोन्सेराटची बाग... फराळाचं ताट समोर तसंच ठेवून तो मोबाइलवर एकेक फोटो दाखवत होता. शेवटी म्हणाला, "काका, आपल्याकडे असं काही का नाही? किल्ला बघायचा, बाग बघायची, मध्ये वळणावळणाचा रस्ता. आपल्याकडे आग्वाद झालं की शापोरा, आणि शापोरा झालं की संपलं!"

मला राग आला. पण त्याचा नव्हे. त्याला हे दाखवलं कोणी? मी स्वतः बी. ए.ला इतिहास घेतला होता. पानिपतच्या लढाया कारणांसकट पाठ होत्या, पण आमच्या पेडण्यातला हळर्णचा किल्ला पाहिला तो वयाच्या तिशीनंतर. मग चोवीस वर्षांच्या पोराला काय बोलणार?

"शनिवार-रविवार मोकळा ठेव," मी म्हटलं. "तुझ्या सिंत्राला जोड दाखवतो."

त्या दोन दिवसांत जे बघितलं त्यावरून माझं एक मत पक्कं झालं, ते मांडण्यासाठी हे लिहितोय. मत असं की आपण आता कुठे किल्ले वाचवायला शिकतो आहोत, पण हे किल्ले ज्या जमिनीसाठी बांधले गेले, ज्या पाण्यावर जगले, ते मात्र हातचं घालवतो आहोत. सविस्तर सांगतो.

मोटारसायकलच का, हे आधी. गोंयकाराला मोटारसायकलचं कौतुक सांगायला नको. पिवळ्या मडगार्डाचे पायलट आपल्याकडे किती वर्षांपासून आहेत! बसमधून उतरायचं, पायलटच्या मागे बसायचं आणि सरळ घराच्या दारात. पण मला ती आवडते त्याचं कारण वेगळं आहे. मोटारसायकलवर हवा कळते. चारचाकीत काच वर केली की सडा काय आणि दरी काय, सगळं सारखंच. मोटारसायकलवर सड्यावरचं ऊन पाठीवर बसतं, उतार लागला की गारवा आधी गुडघ्यांना लागतो, मग चेहऱ्याला. वास येतो. कुठे पाणी आहे ते डोळ्यांच्या आधी अंगाला समजतं. हे लक्षात ठेवा, पुढे त्याच्याशी काम आहे.

माझी गाडी पंधरा वर्षांची, पुतण्याला त्याच्या बापाची दिली. शनिवारी सकाळी पणजीहून बेतीला उतरलो आणि पहिला मुक्काम रेईश मागूश. आदिलशाही चौकीच्या जागी पोर्तुगिजांनी १५५१ साली हा किल्ला बांधला. नंतर तिथे तुरुंग होता, मग काही काळ नुसती पडझड. सरकार, इंटॅक आणि हेलन हॅम्लिन ट्रस्ट यांनी मिळून त्याची दुरुस्ती केली आणि २०१२ साली तो लोकांसाठी उघडला. मारियो मिरांदांची चित्रं आज तिथे आहेत. काम मनापासून केलेलं आहे, हे कबूल करायला हवं. चिऱ्यांच्या भिंती, उतरती छपरं, बुरुजावरून समोर पणजी. पुतण्या खूश. "काका, हे तर तिकडच्यासारखंच!"

तिथून आग्वाद. १६१२ चा किल्ला. नावातच पाणी आहे, 'आग्वा' म्हणजे पाणी. लांबच्या प्रवासाला निघालेली जहाजं इथे गोडं पाणी भरून घ्यायची. वरच्या किल्ल्याच्या पोटात खांबांवर उभी असलेली प्रचंड टाकी आहे, २३ लाख ७६ हजार गॅलन पाणी मावेल एवढी. लोक जातात ते १८६४ च्या दीपस्तंभापुढे फोटो काढायला. टाकीच्या छपरावर आपण उभे आहोत हे निम्म्यांना कळतही नाही. खालच्या बाजूला तुरुंग. मुक्तिलढ्यातली माणसं तिथे कोंडली होती. २०२१ च्या डिसेंबरात तो संग्रहालय म्हणून खुला झाला. तिथे पुतण्या बराच वेळ गप्प होता. मीही काही बोललो नाही.

मग कांदोळी, कळंगुट, हणजुणे अशी रांगेतली गर्दी कापत शापोरा. १७१७ साली पोर्तुगिजांनी आजचा किल्ला उभा केला, त्याच्या आधी आदिलशाहीचा होता. पण लोकांच्या लेखी तो २००१ साली बांधला गेला, कारण त्या वर्षी तो सिनेमा आला! वर पन्नासेक तरुण होते. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या भाड्याच्या गाड्या खाली ओळीने लावलेल्या. सगळे सूर्यास्ताची जागा धरून बसलेले, आणि सूर्य तर अजून डोक्यावर!

आम्ही थांबलो नाही. शिवोलीचा पूल ओलांडून चोपडे, मांद्रे, हरमल करत केरीला गेलो आणि फेरीबोटीत गाड्या चढवल्या. पलीकडे तेरेखोल. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा किल्ला १७४६ साली पोर्तुगिजांनी घेतला. १९५४ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रह्यांनी इथे तिरंगा लावला होता. अलीकडे बरीच वर्षं किल्ल्याच्या आत हॉटेल चाललं. संत अंतोनीचं चर्च मधोमध, सभोवती खोल्या. किल्ल्यात हॉटेल असावं का, यावर आपल्याकडे जोराजोरात भांडणं होतात. मी त्यात पडत नाही. सरकारी नोकर आहे, आणि उपाशीही होतो.

फेरीनेच परत येऊन पेडण्यावरून हळर्णला पोचेपर्यंत सावल्या लांबल्या होत्या. नदीच्या काठावर हा किल्ला शांत बसलेला आहे. तिथे आमच्याशिवाय कोणी नव्हतं. मी पुतण्याला याची गोष्ट सांगितली. १७४६ साली व्हाइसरॉय पेद्रु मिगेल द आल्मेदा याने हा किल्ला भोसल्यांकडून जिंकला. पोर्तुगालच्या राजाला त्याचं एवढं अप्रूप वाटलं की या सरदाराला पुढे 'मार्केश द आलोर्ना' असा किताब मिळाला. आलोर्ना म्हणजे आपलं हळर्ण! पोर्तुगालच्या इतिहासात आलोर्ना हे मोठ्या घराण्याचं नाव झालं. आणि इथे? म्हापशाच्या बाजारात दहा जणांना हळर्णच्या किल्ल्याची वाट विचारा, काय होतं ते बघा.

परत येताना एका टपरीवर चहा घेताना पुतण्या म्हणाला, "काका, किल्ले मान्य. पण बागा कुठे आहेत?"

"उद्या," मी म्हटलं.

रविवारी सकाळी हळदोण्याहून झुलत्या दोरांचा पूल ओलांडून खोर्जुवे. लहानसा चौकोनी किल्ला, चार कोपऱ्यांना चार बुरुज. १७०५ साली व्हाइसरॉय काएतानु द मेलु ई काश्त्रु याने बांधला. आता गंमत बघा. पुतण्या ज्या मोन्सेराटच्या बागेचे फोटो दाखवत होता, ती जागा १७१८ साली याच माणसाने विकत घेतली होती. इथे भोसल्यांच्या सरहद्दीवर किल्ला, तिथे सिंत्राच्या डोंगरात बागेची जागा. आजची बाग पुढच्या शतकात एका इंग्रज धनिकाने फुलवली हे खरं, पण मालकीच्या कागदात आपल्या खोर्जुव्याचा व्हाइसरॉय आहे. हे ऐकून पुतण्याने मोबाइल खिशात ठेवला आणि बुरुजावर बसून राहिला. मला वाटतं दोन दिवसांत पहिल्यांदाच त्याला इथला दगड आणि तिथली बाग एकाच गोष्टीतली वाटली.

आणि इथेच माझा मुद्दा सुरू होतो. सिंत्राला युनेस्कोने १९९५ साली जागतिक वारसा ठरवलं ते एखाद्या किल्ल्यासाठी किंवा राजवाड्यासाठी नव्हे. 'सांस्कृतिक भूदृश्य' म्हणून, म्हणजे डोंगर, रान, बागा, पाणी, किल्ला, राजवाडे आणि गाव हे सगळं मिळून एक. पाच वर्षांनी फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यालाही याच प्रकारे मान मिळाला. तिथे व्हिलांद्री नावाचा वाडा आहे, त्याची बाग जगप्रसिद्ध. आणि त्या बागेत काय आहे? कोबी, भोपळा, गाजर! भाजीचे वाफे रांगोळीसारखे आखलेले. लोक तिकीट काढून कोबी बघतात. म्हणजे खायच्या वस्तूची बाग ही वारसा असू शकते, हे त्यांना कळलेलं आहे.

आपल्याकडे वारसा म्हटलं की भिंत. चिऱ्याची असेल तर उत्तमच. भिंतीच्या आतलं संरक्षित आणि बाहेरचं सगळं 'प्लॉट'.

असो. खोर्जुव्याहून डिचोली, साखळी करत वाळपईच्या बाजूला म्हादईच्या काठी नाणूसला गेलो. दिपाजी राण्यांनी १८५२ साली बंड पुकारलं ते नाणूसचा किल्ला ताब्यात घेऊन. ते बंड तीन वर्षांहून जास्त चाललं. किल्ल्याचे अवशेष शोधावे लागतात, झाडोरा इतका माजलेला. पण मला तिथे वाईट वाटलं नाही. सत्तरीत झाडोऱ्याने किल्ला गिळला तरी तो सुरक्षित असतो, जेसीबीने गिळला तरच काळजी.

उसगाववरून फोंड्याला आलो. फोंड्याचा किल्ला शिवाजी महाराजांनी १६७५ साली घेतला, १६८३ साली संभाजी महाराजांनी पोर्तुगीज व्हाइसरॉयचा वेढा इथून उधळून लावला. त्या मूळ किल्ल्याचं आज काही उरलेलं नाही. मी पुतण्याला साफा मशिदीकडे नेलं. १५६० सालची आदिलशाही काळातली मशीद, शेजारी पायऱ्यांचं देखणं तळं. भोवती मोठी बाग आणि कारंजी होती असं सांगतात, पोर्तुगीज अमलात ती गेली. मशीद आहे, तळं आहे, बाग नाही. मी म्हटलं, "बघून ठेव. इमारत उरते. बाग आधी जाते."

आणि मग सावई-वेऱ्याच्या रस्त्याला लागलो.

सड्यावरून उतार सुरू झाला तसा तो गारवा गुडघ्यांना लागला. पुतण्या मागून ओरडला, "काका, एसी लावला काय कोणी?" वळणावर ओल्या मातीचा, पिकलेल्या सुपारीचा आणि शेणाचा मिळून जो एक वास येतो तो आला. आम्ही माझ्या मामांच्या कुळागरात पोचलो होतो.

ज्यांनी कुळागर बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. डोंगराच्या कुशीत झर असते. ती तळीत साठवतात, तळीतून पाट काढतात, आणि उताराने पाणी आपोआप प्रत्येक झाडाच्या मुळाशी जातं. सगळ्यात उंच माड, त्याखाली पोफळी, पोफळीवर चढवलेले मिरीचे आणि पानाचे वेल, मध्ये फणस, भिरंड, आंबा, खाली केळी, त्याखाली अननस, आलं, हळद, अळू. वरून ऊन येतं ते गाळून गाळून, जमिनीवर पडतं तेव्हा त्याची नाणी झालेली असतात. एका वाफ्यात सात-आठ पिकं, आणि कोणी कोणाच्या आड येत नाही. आमच्या चुलत्यांनी एवढं शिकलं असतं तर! गार्सिया द ओर्ताने १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या औषधींच्या ग्रंथात सुपारी, विड्याचं पान, नारळ, मिरी, फणस, आंबा यांच्यावर पानंच्या पानं लिहिली. आग्वादचा पहिला चिरा बसायच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी! पणजीच्या बागेला आपण त्याचं नाव दिलं. पण त्याने ज्या झाडांबद्दल लिहिलं त्यांची बाग कुठे आहे हे विचारलं, तर ती ही इथे आहे.

पुतण्याने हेल्मेट हातात धरून वर बघितलं. दोन मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, "काका, इथे तिकीट किती?"

मामी हसायला लागल्या. मामा हसले नाहीत.

आता घरची गोष्ट सांगतो, कारण ती लपवून मत मांडणं बरं नव्हे. मामा आज पंचाहत्तरीत आहेत. एक मुलगा मुंबईला, दुसरा कॅनडात. माझी आई मामांची सख्खी बहीण. गोव्याच्या नागरी कायद्याप्रमाणे मुलीलाही मुलाइतकाच वाटा, त्यामुळे आई गेल्यावर तो हिस्सा माझ्याकडे आणि माझ्या भावाकडे आला. एक-चौदाच्या उताऱ्यावर नावं बघितली तर घरातली पंगत बसलेली दिसेल. गेल्या वर्षी एक गिऱ्हाईक आलं. त्याला कुळागर आणि त्यावरचा सडा दोन्ही हवं. सड्यावर बंगले आणि खाली, त्याच्याच शब्दांत, 'ग्रीन व्ह्यू'. मामांच्या दोन्ही मुलांनी होकार दिला आहे. माझी सही लागते, माझ्या बायकोची लागते, भावाची आणि वहिनीची लागते. कागद माझ्या कपाटात आहेत. मी अजून सही केलेली नाही.

तुम्ही म्हणाल, वा! पण थांबा. मामा त्या दिवशी मला काय म्हणाले ते ऐका. "तू पणजीत पगार घेतोस. पावसात पोफळीला कोळेरोग लागतो तेव्हा मोरचूद-चुन्याचं पाणी मारायला वर कोण चढतो? पाडेली मिळत नाही. मिळाला तर त्याचा भाव सोन्याचा. माकडं कोवळे नारळ फोडून टाकतात. पाट साफ करायला दोन माणसं लागतात, एक मी आहे आणि दुसरा मीच आहे. तुम्ही येता, फोटो काढता, केळीचा घड घेऊन जाता."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरंच नाही. मी त्या कुळागरात आयुष्यात एक पाटी शेण टाकलेलं नाही. म्हणून जे लोक शहरात बसून 'कुळागरं वाचवा' म्हणतात त्यांच्यात मी स्वतःला धरूनच बोलतोय.

पण कायद्याच्या बाजूने बघा, ते मला थोडंफार कळतं. केंद्राच्या संरक्षित वास्तूभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण, हे २०१० च्या दुरुस्तीने कायद्यातच आलं. राज्याचा स्वतःचा प्राचीन वास्तूंचा कायदा १९७८ सालचा आहे. म्हणजे पडक्या बुरुजालाही सरकारी कुंपण आहे. झाडाला कायदा आहे, १९८४ चा. त्यातही काय झालं ते आठवतं ना? २०१६ साली दुरुस्ती करून माड हे झाडच नाही असं ठरवलं, लोकांनी आरडाओरडा केला, आणि २०१७ साली माड परत झाड झाला! पण कुळागर म्हणून, म्हणजे झर, तळी, पाट, झाडं आणि वरचा सडा मिळून जे एक अंग आहे, त्याला ओळखणारा कायदा माझ्या टेबलावरून आजवर गेलेला नाही. आराखड्यात तो एक रंग असतो, 'ऑर्चर्ड'. रंग बदलता येतो. २०२३ साली नगरनियोजन कायद्यात १७(२) आलं, २०२४ साली ३९अ आलं, त्यावर लोक कोर्टात गेले, रस्त्यावर आले. मी कारकून माणूस, त्याच्या खोलात शिरत नाही. पण एवढं सांगतो की ज्या गोष्टीचं नाव कागदात नसतं ती गोष्ट कागदावर मेलेलीच असते.

आणि सडा विकला तर खाली काय होतं? सड्यावर पडलेला पाऊस चिऱ्यातून झिरपत झिरपत महिनोन्‌महिने खाली येतो, तीच झर. वर काँक्रीट आलं, दोन-चार बोअरवेल गेल्या, की झर आटायला लागते. खाली एकाही झाडाला कुऱ्हाड न लावता कुळागर मरतं. पोफळ परत लावता येते, पाच-सात वर्षांनी धरते. झर परत लावता येत नाही. आग्वादला किल्ला का बांधला? पाण्यासाठी. चारशे वर्षांपूर्वीच्या परक्या माणसाला हे कळत होतं की पाणी हातात तर सगळं हातात. आपण आग्वादच्या टाकीवर उभे राहून सेल्फी काढतो आणि घरी येऊन सड्याच्या विक्रीवर सही करतो.

माझं म्हणणं फार मोठं नाही. तीन गोष्टी.

पहिली, सरकार 'हेरिटेज सर्किट' म्हणून जे काही आखेल, त्यात किल्ल्याबरोबर त्या नदीकाठची, त्या डोंगरातली कुळागरं घाला. किल्ला आणि बाग एकाच वाटेवर. मोटारसायकलवाला दोन दिवसांत आरामात करतो, आम्ही केलं. दक्षिणेला बेतूलचा बुरुज आणि काब द रामचा किल्ला आहेच, काणकोणात कुळागरंही आहेत, ती वाट पुढच्या सुट्टीत.

दुसरी, कुळागराची नोंद करा. झर कुठे उगवते, तळी कुठे, कोणत्या सड्याचं पाणी तिला येतं, हे नकाशावर येऊ दे. किल्ल्याला १०० मीटर मिळतात, झरीला तिच्या वरचा सडा मिळाला पाहिजे.

तिसरी, आणि ही सगळ्यांत अवघड. जो राखतो त्याला पैसे मिळाले पाहिजेत. फोंडा तालुक्यात काही जणांनी कुळागरं पर्यटकांना उघडली, तिकीट लावलं, केळीच्या पानावर जेवण घातलं, आणि त्यावर कुळागरं तगली. काही ठिकाणी त्याचा बाजार झाला हेही खरं. पण बाजाराला नावं ठेवणाऱ्याने पाडेलीची मजुरी कुठून येणार ते सांगावं. सिंत्राच्या बागा आणि राजवाडे सांभाळायला २००० साली एक सार्वजनिक कंपनी काढली, ती तिकिटाच्या उत्पन्नावरच चालते. पुतण्याने तिथे मुकाट्याने पैसे मोजले. इथे मात्र तिकीट किती हा प्रश्न त्याला विनोद म्हणून सुचला. आम्हा सगळ्यांचं तेच आहे. मामाच्या कुळागरात कसलं तिकीट! मामाने फुकट राखायचं आणि आपण फुकट बघायचं.

निघताना पुतण्याने मामींच्या हातात काही नोटा ठेवायला बघितल्या. मामींनी त्या परत त्याच्या खिशात कोंबल्या, वर केळीचा घड दिला. घड गाडीला बांधताना मामा म्हणाले, "घाई नको. पण मला उत्तर दे." मी मान हलवली.

त्यानंतर दोन रविवार आम्ही गेलो. पुतण्या बंगळूरला परतला होता, म्हणून मी आणि भाऊ. पाटातला गाळ काढला. पहिल्या दिवशी तासाभरात माझी कंबर धरली आणि मामा पोफळीला टेकून मनसोक्त हसले, किती दिवसांनी! पाणी वरच्या वाफ्यापर्यंत गेलं. खालच्या दोन वाफ्यांना अजून जायचं आहे. यात मोठेपणा काही नाही, आणि एवढ्याने कुळागर वाचत नाही हेही मला कळतं. मुंबईच्या आणि कॅनडाच्या मामेभावांशी बोलणं व्हायचं आहे, ते सोपं जाणार नाही. त्यांचंही काही चुकत नाही. सही न करणं सोपं असतं, पुढचं अवघड.

तुमच्या आजोळी, सासुरवाडीला कुठे कुळागर असेल तर या सुट्टीत किल्ला बघून झाल्यावर गाडी तिकडे वळवा. वर बघून फोटो काढा, काढायलाच हवा. मग एकदा खाली वाकून पाट बघा. पाणी चालू आहे की नाही ते तिथे कळेल. आणि कागद कुठल्या कपाटात आहेत, तेही विचारून ठेवा.